तेरा कॉलम सेंटीमीटर

२०२२ च्या फेब्रुवारीत माझ्या संकेतस्थळावर पहिली जाहिरात दिसू लागली, तेव्हा मी बाबांना हाक मारून बोलावले. ते चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले, कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी पडद्याकडे नीट पाहिले आणि काही न बोलता आपल्या खोलीत परत गेले. मला वाटले, त्यांना ते फारसे रुचले नसावे. दोन मिनिटांनी ते हातात स्टीलची फूटपट्टी घेऊन आले. एका टोकाचे आकडे पुसट झालेली ती पट्टी मी लहानपणापासून ओळखते. त्यांनी ती मॉनिटरच्या काचेवर हलकेच टेकवली, आधी आडवी आणि मग उभी. "आठ सेंटीमीटर रुंद, साडेसहा उंच. म्हणजे दोन कॉलम. तेरा कॉलम सेंटीमीटर झाले, बेटा," ते म्हणाले. "रेट काय लावला?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. जाहिरात कोणी दिली, किती दिवसांसाठी दिली, कोणत्या दराने दिली, यांपैकी मला काहीच ठाऊक नव्हते. ती तिथे आली होती, एवढेच मी सांगू शकत होते. संकेतस्थळावरच्या जाहिरातींतून पैसे मिळवायला सुरुवात कशी करावी, असे आता ओळखीतली माणसे मला विचारतात, तेव्हा मला तो प्रश्नच आधी आठवतो, कारण त्यानंतरची दोन वर्षे मी त्याचेच उत्तर शोधत होते.

बाबांनी नागपूरच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. वर्तमानपत्राचे पान आठ कॉलमांचे आणि एक कॉलम साधारण चार सेंटीमीटर रुंद. जाहिरातीने किती कॉलम घेतले आणि ती किती सेंटीमीटर उंच आहे, यांचा गुणाकार करायचा आणि त्याला दराने गुणायचे, की बिल तयार होत असे. सीताबर्डीच्या कापड दुकानदारांपासून इतवारीच्या सराफांपर्यंत सगळ्यांना हा हिशेब तोंडपाठ असे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बाबा रात्री फार उशिरा घरी येत. शाळेला सुट्टी असली की ते कधीकधी मला सोबत नेत, आणि तिथेच मी पहिल्यांदा डमी पाहिली. डमी म्हणजे पानाच्या आकाराचा, कॉलमांच्या रेघा छापलेला कागद. त्यावर लाल पेन्सिलीने आधी जाहिरातींचे चौकोन आखले जात, मग तो कागद संपादकीय विभागाकडे जाई आणि उरलेल्या जागेत बातम्या बसवल्या जात. मला ते उलटे वाटले होते. पेपर तर बातम्यांसाठी असतो ना, असे मी विचारले, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बातम्यांसाठीच असतो. पण कागदाचे पैसे हा चौकोन देतो." त्या दिवसापासून वर्तमानपत्र उघडले की माझी नजर आधी चौकोनांवर जाते आणि मग मथळ्यांवर.

माझे संकेतस्थळ मात्र चौकोन आखून सुरू झाले नाही. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. घर जुने आहे, अंगण नाही, पण गच्ची मोठी आहे, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात त्या गच्चीवरच्या माझ्या कुंड्या एकामागून एक वाळत गेल्या. मी पुस्तके वाचली होती, मराठीतले व्हिडिओ पाहिले होते, त्यांत सांगितले तसेच खत आणि पाणी दिले होते. पुष्कळ झाडे गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी वाचत होते त्यातले बहुतेक सगळे पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेले होते. मे महिन्यात झाडाला सकाळचे कोवळे ऊन द्यावे, असा सल्ला त्यात हमखास असे. नागपुरात मे महिन्यात सकाळी आठचे ऊनही कोवळे नसते. दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीच्या फरशीवर ठेवलेली प्लॅस्टिकची कुंडी बाहेरून हाताला चटका देते. आमच्या हवेत काय जगते, किती टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी, मोगऱ्याला कधी पाणी द्यावे आणि पालक कोणत्या महिन्यात मुळीच लावू नये, हे मी एका वहीत लिहू लागले. त्याच जून महिन्यात ती वही मी संकेतस्थळावर उतरवायला घेतली. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि होस्टिंग, म्हणजे ते ठेवायची भाड्याची जागा, मिळून पहिल्या वर्षी साडेतीन हजार रुपये लागले, आणि हे पैसे कधीतरी भरून निघावेत, एवढीच जाहिरातींमागची पहिली इच्छा होती.

घाई मी केलीच. डिसेंबरात बावीस लेख झाल्याबरोबर गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेकडे अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. मजकुराचे मूल्य कमी, एवढेच कारण दिलेले होते. दोन दिवस मला त्या शब्दांचा राग येत राहिला. तिसऱ्या दिवशी मी सगळे बावीस लेख परक्या माणसाचे समजून वाचले, आणि मला ते शब्द पटले. बावीसांपैकी नऊ लेख असे होते की ते कोणीही, कुठेही बसून लिहू शकले असते: तुळस कशी लावावी, गुलाबाची काळजी कशी घ्यावी, गांडूळखताचे फायदे. संख्या वाढवायची म्हणून मी ते चार ठिकाणी वाचून लिहिले होते. त्यांत माझी गच्ची नव्हती आणि नागपूरही नव्हते. मी ते नऊच्या नऊ काढून टाकले. त्यांच्या जागी सात नवे लेख लिहिले, प्रत्येकात तारीख, त्या दिवसाचे तापमान आणि झाडाचे मी स्वतः काढलेले छायाचित्र घातले. मी कोण आहे हे सांगणारे पान केले, संपर्काची सोय केली आणि गोपनीयतेचे धोरण लिहिले. जाहिराती येणार म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकीज, म्हणजे त्याने काय पाहिले याची खूण ठेवणाऱ्या छोट्या फाइली, ठेवल्या जाणार, आणि ते त्याला आधी सांगितलेले असले पाहिजे. फेब्रुवारीत परवानगी मिळाली. सुरुवात करणाऱ्याला मी या एका टप्प्याबद्दल नेहमी सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच खचतात आणि काहीतरी युक्ती शोधू लागतात, तर करायचे असते ते आपलेच लेखन निर्दयपणे वाचण्याचे काम.

आता बाबांचा प्रश्न. दर काय, हे मला ठाऊक नव्हते, कारण दर ठरलेलाच नसतो. गूगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ साली सुरू झाली, आणि लहान संकेतस्थळाच्या मालकाने जाहिरातदार शोधत दारोदार फिरू नये, ही तिच्यामागची मूळ सोय. आपण आपल्या पानावर तिचा कोड ठेवायचा. वाचकाने पान उघडले की त्या जागेसाठी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो, आणि पान पुरते उघडायच्या आत तो संपलेलाही असतो. पान कशाबद्दल आहे, वाचक कुठल्या देशातून वाचतो आहे, त्याने आधी काय काय पाहिले होते, यांवर बोली ठरते. एकाच लेखावर, एकाच क्षणी, महालातल्या वाचकाला कूलरची जाहिरात दिसते आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्या त्याच्या भाच्याला विम्याची. आणि त्या दोन जागांच्या किमतींत कितीतरी पटींचा फरक असतो. हे ऐकून बाबा म्हणाले, "हे तर कळमन्यासारखे झाले." कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगाभोवती बोली लागते आणि त्या दिवशी जो भाव फुटेल तो माल आणणाऱ्याने घ्यायचा. उपमा मला पटली. फरक एवढाच की इथे बोली लावणारे एकमेकांना दिसत नाहीत आणि माल आणणाऱ्यालाही दिसत नाहीत.

त्यानंतर बाबांनी विचारले की दलाली किती. हा त्यांचा दुसरा प्रश्न होता आणि तोही नेमका होता. मजकुराच्या पानांवरच्या जाहिरातींसाठी जाहिरातदार जे देतो त्यातले ६८ टक्के संकेतस्थळाच्या मालकाला मिळत, ही रीत बरीच वर्षे होती. २०२४ च्या सुरुवातीपासून हिशेबाची मांडणी बदलली: जाहिरातदाराच्या बाजूचे शुल्क आधी कापले जाते आणि उरलेल्यातले ८० टक्के मालकाला दिले जातात, त्यामुळे सरासरीने हाती पडणारा वाटा पूर्वीइतकाच राहतो. त्याच वेळी पैसे प्रामुख्याने क्लिकवर न मिळता जाहिरात दिसण्यावर मिळू लागले. मी सुरुवात केली तेव्हा सगळे लक्ष क्लिककडे असे आणि आजही जुने सल्ले वाचून लोक त्याचाच विचार करत बसतात.

आकडे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण ते न सांगितल्यामुळेच या विषयाभोवती खोट्या आशा वाढतात. पहिल्या महिन्यात मला एक डॉलरसुद्धा मिळाला नाही. पाने हजार वेळा पाहिली गेली की त्यातून किती उत्पन्न झाले, या मापाने इथला हिशेब चालतो, आणि माझ्या मराठी वाचकांवर तो आकडा साधारण साठ सेंटच्या आसपास राहिला. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवले जात नाहीत. साठ सेंटच्या हिशेबाने १०० डॉलर व्हायला पाने एक लाख सहासष्ट हजार वेळा पाहिली जावी लागतात. इंग्रजीत कर्ज, विमा किंवा कायदा या विषयांवर लिहिणाऱ्याचे आकडे वेगळे असतात. त्याने माझ्याकडे पाहून निराश होऊ नये आणि मराठीत झाडांबद्दल लिहिणाऱ्याने त्याच्याकडे पाहून नोकरी सोडू नये. मराठीला ही सोयही उशिराच मिळाली. हिंदीचा समावेश २०१४ च्या डिसेंबरात झाला आणि मराठीचा त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठीत लिहिणाऱ्याला हा रस्ता रीतसर खुलाच नव्हता.

एक लाख सहासष्ट हजार वेळा कोणी का यावे, हा प्रश्न मला त्या वसंतात सतावत होता. मी मनापासून लिहिलेला एक लेख होता, पहिल्या पावसानंतरच्या गच्चीचा, आणि तो दोन महिन्यांत सदतीस जणांनी वाचला होता. मग मार्चच्या शेवटी मी एक छोटा, अगदी कामापुरता लेख लिहिला: कूलरचे पाणी झाडांना घालावे का? आमच्या वाड्यात तेव्हा घरोघरी कूलर बाहेर निघत होते, गवताच्या नव्या जाळ्या बसवल्या जात होत्या, आणि टाकीतले उरलेले पाणी लोक कुंड्यांत ओतत होते. ते पाणी आठ दिवस टाकीत फिरत राहते, त्यातले पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे उरतात. असे पाणी रोज घातले की पानांची टोके करपतात आणि कुंडीच्या कडेला मातीवर पांढरा थर चढतो. मी त्या थराचे छायाचित्र जवळून काढले, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. टाकी रोज धुऊन भरत असाल तर काय करावे आणि आठवड्याने रिकामी करत असाल तर काय करावे, हे वेगळे सांगितले. एप्रिलमध्ये तो लेख रोज शेकडो लोक वाचू लागले.

हे लोक कुठून आले, हे पाहण्यासाठी मी सर्च कन्सोल उघडले. लोक काय शोधून आपल्या पानावर आले याची यादी दाखवणारी ही गूगलची सोय, आणि त्या यादीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही मार्गदर्शनाने शिकवले नाही. लोक शुद्ध मराठीत शोधत नाहीत. ते 'कुलर' ऱ्हस्व लिहितात, अनेकदा अख्खे वाक्य रोमन लिपीत टाइप करतात, फोनला तोंडी विचारतात, आणि आमच्याकडे तर कुंडीला गमला म्हणतात. यादीत खाली एक शोध होता: 'गमल्यात सांबार कसा लावायचा'. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे वाक्य कळणार नाही. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पण हा शब्द शोधला की इडलीसोबतच्या सांबाराच्या पाककृती समोर येतात, आणि ज्या बाईला धणे पेरायचे आहेत ती रिकाम्या हाताने परत जाते. माझ्या 'कोथिंबीर' या लेखात 'सांबार' हा शब्द एकदाही नव्हता. मी स्वतः घरात दुसरा शब्द कधी वापरला नव्हता आणि लिहायला बसल्यावर मात्र तो गाळला होता. त्या रात्री मी तो लेख पुन्हा लिहिला, घरात बोलतो तसा शब्द घालून. वाचक वाढले ते चांगलेच झाले, परंतु आपला शब्द आपणच मजकुरातून हाकलला होता याचे मला फार वाईट वाटले आणि ते अजून वाटते.

जाहिरातीचा पैसा मुळात या यादीतून येतो, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. कोणाला तरी आज दुपारी काहीतरी अडले आहे आणि ते कोणी नीट सांगितलेले नाही. ते आपण जाणतो आणि सांगतो, म्हणून तो आपल्या पानावर येतो, आणि जाहिरातदार बोली लावतो ती त्याच्या येण्यावर. जाहिरातीची जागा कुठे, तिचा रंग कोणता, कोड कसा, याला सुरुवात करणारे महिनोन्महिने देतात. मी सांगते की ते काम एका संध्याकाळचे आहे.

दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासण्यासाठी टपालाने सहा आकड्यांचा पिन येतो, आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. माझा पत्ता मी घाईत अर्धवट भरला होता; घर क्रमांक न लिहिता मंदिरामागची गल्ली असे लिहिले होते, कारण आम्हा सगळ्यांना तो तसाच सांगायची सवय आहे. पहिले पत्र आले नाही. तीन आठवड्यांनी मी घर क्रमांक, वॉर्ड आणि पिनकोड नीट लिहून दुसरे मागवले आणि ते जुलैच्या पावसात, कडा ओल्या झालेल्या अवस्थेत हाती आले. कडेच्या छिद्रांवरून ते फाडताना आत फक्त सहा आकडे आहेत हे माहीत असूनही माझे हात थरथरत होते.

त्याच पावसाळ्यात माझी एक मोठी चूक झाली. घरातल्या एका मुलाने, मावशीला मदत व्हावी म्हणून, आठवडाभर रोज माझ्या पानांवरच्या जाहिरातींवर क्लिक केले, आणि तेही घरच्याच वायफायवरून. त्याला मी कधी काही समजावून सांगितले नव्हते, म्हणून दोष माझा. काही दिवसांत माझ्या पानांवर दिसणाऱ्या जाहिरातींवर मर्यादा आली आणि ती महिनाभर राहिली. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणे, इतरांना करायला सांगणे किंवा विकत घेतलेली वर्दळ आणणे, यांनी खाते कायमचे बंद होऊ शकते. हे नियम वाचताना कठोर वाटतात. पण दुसऱ्या टोकाला पैसे देणारा एखादा लहान दुकानदार असतो आणि त्याच्या खिशातून खोट्या क्लिकचे पैसे जातात, हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याला ते लगेच कळले. बाबांनी त्याला इतवारीच्या एका दुकानदाराची गोष्टही सांगितली, जो छापलेली प्रत्येक जाहिरात कापून वहीत चिकटवत असे आणि त्या दिवशी किती गिऱ्हाइके आली ते शेजारी लिहीत असे.

पण ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती वेगळीच होती. एका वाचक बाईंनी मला एक चित्र पाठवले. झाडांवरची मावा ही कीड रसायनांशिवाय कशी घालवावी, या माझ्या लेखाच्या मधोमध, तिसऱ्या परिच्छेदाखाली, पैसे लावून खेळण्याच्या एका खेळाची जाहिरात चमकत होती. त्या बाईंनी फक्त एवढेच लिहिले होते की मुलगा सोबत बसून वाचत होता. मी ते बाबांना दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मला निधनवार्तांच्या पानाबद्दल सांगितले. त्या पानाची डमी ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. एकदा त्या पानावर मिठाईच्या दुकानाची मोठी जाहिरात लागली होती, पुरे पैसे आगाऊ भरलेली. रात्री दहा वाजता त्यांनी ती उचलून दुसऱ्या पानावर नेली आणि तिथला कोरा भाग एका जुन्या घोषवाक्याने भरला. दुसऱ्या दिवशी त्यांना वरिष्ठांना जाब द्यावा लागला. "ज्याच्या घरी माणूस गेले तो ते पान उघडतो," बाबा म्हणाले, "त्याला पेढे कसे दाखवायचे?"

त्या रात्री मी माझ्या खात्यातल्या नियंत्रणांमध्ये शिरले. जुगारासारखे खेळ, झटपट वजन घटवणारी औषधे, नशीब सांगणाऱ्या सेवा असे वर्ग बंद करता येतात. एखाद्या विशिष्ट जाहिरातदाराचा पत्ताही अडवता येतो. जाहिराती आपोआप कुठेही बसवणारी सोय मी बंद केली आणि प्रत्येक लेखात जागा स्वतः ठरवल्या. पहिल्या परिच्छेदाआधी जाहिरात नाही. औषधाचे किंवा पाण्याचे प्रमाण सांगितले आहे त्या ओळींच्या मध्ये जाहिरात नाही, कारण फोनवर खाली सरकवताना तिथे चुकून बोट पडते आणि प्रमाण अर्धवट वाचले जाते. प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर 'जाहिरात' हा शब्द. उत्पन्न पहिल्या महिन्यात पाचव्या हिश्श्याने घटले. मी बाबांना आकडा सांगितला आणि त्यांनी मान हलवली, जणू हा खर्च त्यांच्या हिशेबात आधीपासून धरलेला होता. चौकोनांची जागा लेखकाने स्वतः ठरवावी, हे माझे मत त्यानंतर बदललेले नाही. वाचकाच्या घरात आपण काय घेऊन जातो हे ठरवण्याचे काम लिलावावर सोडता येत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कूलर पुन्हा बाहेर निघाले, तो लेख पुन्हा वर आला आणि महिनाअखेरीस १०० डॉलरचा उंबरठा ओलांडला गेला. पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान पाठवले जातात. बँकेत परदेशातून रक्कम येणार म्हणून स्विफ्ट कोड वगैरे मी आधीच भरले होते, तरी बँकेने ही रक्कम कशाबद्दल आहे असे विचारले आणि मी फॉर्मवर 'जाहिरात सेवा' असे लिहून सही केली. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला त्याच सुमारास, गच्चीवर जाळीखाली पाणी घालत असताना, फोनवर संदेश आला. रुपयांत ते साडेआठ हजारांच्या आतबाहेर होते. दोन वर्षांचा होस्टिंगचा खर्च वजा केला तर फारसे काही उरत नव्हते. मी ती रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवली, आणि तो रकाना भरताना मला जेवढा आनंद झाला तेवढा पगाराचा रकाना भरताना कधी झाला नव्हता.

गेल्या काही काळात सुरुवात करणारे मला विचारतात की एवढ्यासाठी एवढे कशाला. मी त्यांना अमरावती रोडकडच्या एका रोपवाटिकेची गोष्ट सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या मालकांचा फोन आला. गिऱ्हाइके फोनवर माझा जाळीचा लेख उघडून दाखवतात आणि ७५ टक्क्यांचीच जाळी हवी म्हणून अडून बसतात, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांना माझ्या संकेतस्थळावर थेट जाहिरात द्यायची होती. मात्र त्यांना जागा हवी होती ती कूलरच्या पाण्याच्या लेखात, आणि जाहिरात एका द्रावणाची, जे टाकीत घातले की ते पाणी झाडांना चालते असे त्या बाटलीवर लिहिलेले होते. मी नाही म्हटले. तो लेख लोक वाचतात ते पाणी घालू की नको हे ठरवण्यासाठी, आणि त्याच पानावर पैसे घेऊन उलट उत्तर देणे मला जमणार नव्हते. ते रागावले नाहीत. दोन दिवसांनी ते घरी आले, जाळीच्या लेखात जाळीची जाहिरात द्यायला तयार होऊन.

दर ठरवायला बाबा बसले. मी त्यांना सांगितले की जाळीचा लेख मागच्या वर्षी मार्च ते मे या तीन महिन्यांत वीस हजार वेळा पाहिला गेला, म्हणजे लिलावाच्या भावाने त्या लेखाचे साधारण बारा डॉलर, सुमारे हजार रुपये होतात. बाबांनी विचारले की या वीस हजारांपैकी नागपूरचे किती. एक तृतीयांश, मी म्हटले. "मग त्या माणसाला जे गिऱ्हाईक पाहिजे तेच इथे उभे आहे," असे म्हणून त्यांनी तीन महिन्यांचे अडीच हजार सांगितले, आणि रोपवाटिकेच्या मालकांनी घासाघीस न करता मान्य केले. पावतीपुस्तक नव्हते, तेव्हा बाबांनी कोऱ्या कागदावर हाताने पावती लिहिली: होळीपासून मृगापर्यंत, एक चौकोन, वर 'जाहिरात' हा शब्द असेल, मजकूर लेखाच्या विरोधात नसेल.

मालक गेल्यावर बाबांनी दुसरा कागद घेतला आणि जाळीचा लेख छापून मागितला. चौकोन कुठे ठेवायचा ते त्यांना ठरवायचे होते. त्यांनी पट्टी लावून आधी माझ्या परिच्छेदांच्या जागा कागदावर आखल्या: सुरुवात, सावलीच्या टक्केवारीचा तक्ता, जाळी बांधण्याची उंची, वाऱ्याची दिशा. प्रत्येक परिच्छेदाशी थांबून ते वाचत होते आणि मधूनच विचारत होते की इथे वाचणारा थांबतो का, की पुढे जातो. सगळ्या परिच्छेदांच्या जागा भरून झाल्यावर त्यांनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली.